माझा ‘नॉर्मल’ रिपोर्ट

सुरुवात केसांपासून झाली. बाथरूमच्या जाळीवर रोज एक पुंजका. वजन नऊ किलोनं वाढलेलं, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दीड महिन्यानं. थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सहा वर्षं चालू होती, तरी टीएसएच ६.८. हा रक्तातला आकडा जितका जास्त, तितकं थायरॉइडचं काम मंद. तो साधारण चारच्या आत हवा. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवू या. मला नेमकं तेच नको होतं. ‘जन्मभर गोळ्याच गिळत बसायचं का?’ हे माझ्या मनातलं वाक्य एका रीलमधली बाई बोलली आणि मी अडकले.

ती स्वतःला हार्मोन कोच म्हणवते. फोनवर बोलणं अगदी साखरेसारखं. “ताई, तुमचं इस्ट्रोजेन चढलंय, कॉर्टिसोलचा बॅलन्स गेलाय.” रक्ताचा थेंबही न तपासता! तीन महिन्यांचे १८,५०० रुपये. भिशीचे पैसे लागलेले, तेच घातले. घरात सांगितलं नाही. जीपे केलं ते कुठल्याशा माणसाच्या नावावर. बिल पार्सलमध्ये येणार होतं. पार्सलमध्ये पावडरचे दोन डबे आले आणि डाएटचा कागद: भाकरी, जवस, सातच्या आत जेवण. एवढं तर आमच्या आईनं फुकट सांगितलं असतं.

दोन महिन्यांनी ती म्हणाली, टीएसएच करून घ्या, आणि त्या दिवशीही पावडर चुकवू नका. मी कोमट पाण्यात चमचाभर ढवळून प्यायले आणि तासाभरात लॅबमध्ये. रिपोर्ट आला १.१. मी चक्क रडले. कोचच्या ग्रुपवर टाळ्या, फुलं, नमस्कार. मग तिचा खाजगीत मेसेज: “मुळापासून गेलंय. आता गोळी सोडा, ताई.”

सोडली.

पहिले पंधरा-वीस दिवस काही जाणवलं नाही. ही गोळी अंगातून उतरायला वेळ घेते, म्हणून तर माणूस फसतो. नंतर भर मे महिन्यात मला चादर लागायला लागली. आवाज घोगरा, पोट साफ नाही, सकाळी डोळे सुजलेले. पाळी आली ती अकरा दिवस थांबेना. कोचला सांगितलं तर म्हणे टॉक्सिन्स बाहेर पडतायत, पावडरचा डोस दुप्पट करा. हिमोग्लोबिन ८ वर आल्यावर बहिणीनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तो १.१ चा रिपोर्ट पाहिला, माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, “केसांसाठी काही घेता?” दुसऱ्या दिवशी डबा नेला. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात: बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. केसांसाठी घेतात ते हे जीवनसत्त्व. माणसाची रोजची गरज तीस-चाळीस. इतकं बायोटिन रक्तात असलं की टीएसएच मोजायच्या काही पद्धती चकतात आणि आकडा खोटाच कमी दाखवतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०१७ मध्येच हा इशारा दिलाय. पावडर बंद करून चार दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ५२.

म्हणजे थायरॉइड सुधारलाच नव्हता, फक्त मापात गडबड झाली होती. कोचला हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

पैसे मागितले तर ग्रुपमधून काढलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं ते बिल. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर होता. मी तो सरकारी शिक्का समजले होते. तो अन्नपदार्थाचा परवाना, औषधाचा नव्हे. पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे. आता जुने मेसेज वाचताना कळतं, ‘बरं करते’ असं तिनं एकदाही लिहिलेलं नाही. सगळीकडे ‘बॅलन्स’.

आता गोळी पहाटे, उपाशीपोटी. रक्तासाठी लोह वेगळं, चार तासांनी. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त डबे उचलून माळ्यावर टाकले; पुरावा म्हणून राहू देत म्हणाला.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीनं एक स्क्रीनशॉट पाठवला, ‘हे घेऊ का गं?’ विचारत. कोचच्या स्टेटसवर रिपोर्ट होता, नाव पांढऱ्या पट्टीनं झाकलेला. टीएसएच १.१. खाली लॅबचा शिक्का आणि कोपऱ्यात माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग.