बिनफ्लेवरची व्हे आयसोलेट (दुधापासून काढलेलं, जास्त शुद्ध केलेलं प्रोटीन) पावडर, स्लीव्ह सर्जरीनंतर 4 महिने वापरून
वजनासाठीच्या या सर्जरीत पोटाचा मोठा भाग कापून काढला, त्यामुळे पोट आता एवढंसंच राहिलंय, चार घासात भरतं, आणि डाएटिशियन म्हणते दिवसाला कमीत कमी 60 ग्रॅम प्रोटीन हवंच, मग करायचं काय माणसाने! म्हणून ही घेतली, आयसोलेट असल्याने लॅक्टोज (दुधातली साखर) कमी, पोट फुगत नाही, आधीच्या चॉकलेटवालीने तर नुसतं मळमळायचं. एका स्कूपला 25 ग्रॅम मिळतं. फक्त उकळत्या सूपमध्ये टाकू नका, गुठळ्या होतात, कोमट झालं की मग ढवळा. आणि गटागट नाही हां, घोट घोट, मी पहिल्यांदा घाई केली तर छातीत असं दाटून आलं की बास. डब्याचं झाकण मात्र एकदम भंगार, एक स्टार त्याचाच कापलाय.