संशयास्पद कोडवर कंपायलरने केव्हा बोलावे?

भाषेच्या नियमांत बसणारा, पण लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा नसलेला कोड समोर आला, तर कंपायलरने (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रॅमने) आपणहून वॉर्निंग द्यावी, पर्याय चालू केला तरच द्यावी, की एरर देऊन बिल्डच, म्हणजे प्रोग्रॅम तयार होणेच, थांबवावे? हा निर्णय प्रत्येक तपासणीसाठी वेगळा घ्यावा लागतो, आणि माझ्या मते तो चूक किती गंभीर आहे यापेक्षा तिचा पुरावा किती भक्कम आहे यावर घ्यावा.

२०१४ साली ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या) कोडमध्ये उघड झालेला दोष घ्या. एका 'इफ'खाली 'गोटू फेल' ('फेल' या खुणेकडे थेट उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ अटीच्या बाहेर गेल्यामुळे सहीची पडताळणी कधी झालीच नाही. हा दोष दोन तपासण्यांना पकडता येतो. पुढचा कोड कधीच चालणार नाही, असे सांगणारी तपासणी क्लँग या सी भाषेच्या कंपायलरमध्ये तेव्हाही होती, पण नेहमीचे इशारे एकत्र चालू करणाऱ्या 'डब्ल्यू-ऑल' या पर्यायामध्ये ती नव्हती. अनेक प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेल्या निर्दोष कोडमध्येही असे भाग असतात, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. जीसीसी या दुसऱ्या सी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, २०१६ साली, 'डब्ल्यू-ऑल'मध्ये आलेली दुसरी तपासणी मात्र इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) दिशाभूल करते का, ते पाहते. इंडेंटेशन एक सांगते आणि कोड दुसरेच करतो, म्हणजे संशयाला आधार लिहिणाऱ्यानेच दिलेला असतो. अशा वेळी कंपायलरने न मागता बोलावे.

व्हेरिएबल किंमत न देताच वापरला गेला असावा, हा जीसीसीचा अंदाज याहून दुबळा आहे, कारण ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की तो इशाराही बदलू शकतो. त्याला एररचा दर्जा देऊ नये. इशारा कसाही करून गप्प करण्याची घाई किती महाग पडते, हे डेबियन या लिनक्स प्रणालीमध्ये दिसले: व्हॅलग्राइंड या तपासणी-साधनाची तक्रार मिटवण्यासाठी २००६ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-लायब्ररीतील, किल्ल्यांना यादृच्छिकता पुरवणारा कोड काढला गेला, आणि २००८ मध्ये दोष उघड होईपर्यंत त्यातून बनलेल्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याइतक्या मोजक्या राहिल्या. म्हणून 'हे मुद्दाम केले आहे' असे कोडमध्येच सांगण्याची निर्धोक सोय प्रत्येक इशाऱ्याबरोबर हवी, जशी सी++१७ मधील 'फॉलथ्रू' ही खूण, जी 'स्विच'मधील एका केसमधून पुढच्या केसमध्ये मुद्दाम जात असल्याचे सांगते.

गो या भाषेच्या कंपायलरने मधला मार्गच ठेवला नाही: न वापरलेला इम्पोर्ट किंवा स्थानिक व्हेरिएबल ही थेट एरर, आणि बाकीचे संशय 'व्हेट' या वेगळ्या साधनाकडे. इशारे साचत नाहीत, हा मोठा लाभ. पण दोष शोधताना एखादी ओळ तात्पुरती बंद केली तरी बिल्ड अडते. रस्ट या भाषेची 'अलाउ' (चालू द्या), 'वॉर्न' (इशारा), 'डिनाय' (एरर) आणि 'फर्बिड' (न बदलता येणारी एरर) अशी पातळ्यांची रचना मला अधिक पटते, कारण रस्टचा पॅकेज-व्यवस्थापक कार्गो बाहेरून घेतलेल्या पॅकेजांतील इशारे दाबून ठेवतो आणि कंपायलरमध्ये नवी तपासणी आली म्हणून त्यांचे बिल्ड मोडत नाही. सीमध्ये सगळ्या इशाऱ्यांना एरर करणारा 'डब्ल्यू-एरर' वापरायचाच असेल, तर तो स्वतःच्या सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप होणाऱ्या बिल्ड व चाचणीत), कंपायलरची आवृत्ती पक्की करून वापरावा. इतरांना दिलेल्या सोर्सच्या बिल्डमध्ये तो ठेवू नये.