झोपताना इसबगोल की सातचा डबा?

ऐरोलीत नोकरी आणि कासारवडवलीला घर, म्हणजे जेवायला साडेनऊ ठरलेले. कापूरबावडीला रिक्षा अडकली तर दहा. अकराला पाठ टेकली की छातीत जळजळ, पोट डब्ब. यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात: झोपताना इसबगोल, नाहीतर ऑफिसातच लवकर जेवण. मी दोन्ही करून बसलोय.

आतडं आणि झोप म्हटलं की लोक लगेच सेरोटोनिनवर, म्हणजे झोप आणि मूडशी जोडल्या जाणाऱ्या रसायनावर, येतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते तिथून रक्तावाटे मेंदूत शिरत नाही. त्यामुळे ‘पोट साफ, की झोप गाढ’ हे गणित मला जरा घाईचं वाटतं.

इसबगोलचं काम चोख, पण सावकाश. गुण यायला १२ ते ७२ तास लागतात, म्हणजे ते झोपतानाच घ्यायला हवं असंही नाही. मला नडलं ते पाणी. भुसा ढवळून जरा फोन उचलला की पेल्यात खळ तयार. तळाचा गोळा चमच्याने खरवडा. वर आणखी पेलाभर पाणी हवंच, कमी पडलं तर घशात नाहीतर आतड्यात अडकायची भीती. झोपताना एवढं पाणी प्यायलं की अडीचच्या सुमारास उठणं आलंच. बाथरूमचा दिवा लागला की बायकोही जागी. मग दोघंही पंख्याकडे बघत पडतो.

डब्याच्या भानगडी वेगळ्या. सकाळची उसळ सातपर्यंत टिकत नाही, तेव्हा सुकी भाजी-भाकरी नाहीतर थालीपीठ. “काय साहेब, चातुर्मास का?” हेही ऐकून घ्यायचं. घरी सगळे जेवताना मी नुसतं ताक घेऊन बसतो, आणि आईच्या लेखी मी रोज उपाशी झोपतो. पण जेवण आणि अंथरूण यांत तीन-साडेतीन तास मिळतात. आडवं झाल्यावर भरल्या पोटातलं आम्ल सहज वर येतं. डॉक्टर दोन-तीन तासांचं अंतर सांगतात ते त्यासाठीच. माझी जळजळ तरी बरीच कमी झाली.

मूळ तक्रार बद्धकोष्ठतेची असेल तर इसबगोल सोडा असं मी म्हणणार नाही. सकाळी घ्या, इतर गोळ्यांपासून दोनेक तास लांब. जळजळीने जाग येत असेल तर मात्र आधी दुसरा डबा घेऊन बघा. दोन खणांचा पुरे, तीन खणांचा लॅपटॉपच्या बॅगेत बसत नाही.