'एलियन: आयसोलेशन': नवतप्यात घेतला, आता थंडीत लिहितोय

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर रिव्ह्यू नुसता "बापरे!" एवढाच झाला असता. आता गेम पुरा झालाय, वरच्या डिफिकल्टीवर पुन्हा बराच पुढे गेलोय, आणि पहिली भीती ओसरलीय. ती ओसरल्यावर जे लक्षात आलं, ते जास्त मजेशीर आहे.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा २०१४ चा व्हिडिओ गेम. काळ २१३७ सालचा. १९७९ च्या 'एलियन' सिनेमातल्या एलेन रिप्लीची मुलगी अमांडा, १५ वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या आईचा माग काढत सेव्हास्तोपोल नावाच्या अवकाश स्थानकावर येते. स्थानक मोडकळीला आलेलं, माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि त्यात सिनेमातल्यासारखाच एक परग्रही शिकारी प्राणी मोकाट. तो मरत नाही. पुढे फ्लेमथ्रोअर हाती लागतो, पण त्यानेही तो फक्त पळतो आणि थोड्या वेळाने परत येतो.

मे महिन्यात हा गेम स्पीकरवर खेळणं नागपुरात शक्यच नाही. कूलर बंद केला तर आपणच शिजतो, चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत छताच्या व्हेंटमधली (हवेच्या बोगद्यातली) प्राण्याची सरपटण्याची खुडखुड बुडते, आणि इथे अर्धा गेम त्या खुडखुडीतच आहे. शेवटी बर्डीच्या बाजारात जाऊन कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेतला. मग कळलं की प्राणी व्हेंटमधून जातो तेव्हाचा आवाज वेगळा आणि फरशीवर उतरून चालतो तेव्हाचा धप्प-धप्प वेगळा. व्हेंटच्या तोंडातून लाळ ठिबकत असेल तर तो वर दबा धरून बसलाय, त्याखालून जायचं नाही. हातातला मोशन ट्रॅकर, म्हणजे हालचाल टिपणारं यंत्र, बीप करून त्याचा ठावठिकाणा सांगतो, पण प्राणी जवळ असला तर ती बीप त्यालाही ऐकू जाते. कन्सोलवर तर मायक्रोफोनमधून खोलीतला आवाज ऐकून प्राणी तुमच्या मागे लागेल अशी सोयही दिली आहे. मी पीसीवर खेळतो म्हणून वाचलो, नाहीतर कूलरनेच घात केला असता.

आता संगीत. मूळ सिनेमाला जेरी गोल्डस्मिथचं संगीत होतं. त्यातले सूर घेऊन क्रिश्चन हेन्सन, जो हेन्सन आणि अ‍ॅलेक्सिस स्मिथ यांनी गेमचं संगीत उभं केलंय. ही एकसारखी वाजणारी रेकॉर्ड नव्हे. प्राणी जवळ आला की थर चढत जातात, लांब गेला की उतरतात. सुरुवातीला लॉकरमध्ये लपून बसल्यावर व्हायोलिनं किंचाळायला लागली की माझी पाचावर धारण बसायची.

गडबड पुढे आहे. महिनाभर खेळल्यावर कान सरावतो, आणि तेच संगीत चुगली करायला लागतं. तार थोडी ताणली गेली म्हणजे शेजारच्या खोलीत आहे, सैल पडली म्हणजे गेला. मी ट्रॅकर बाहेर काढणंच सोडलं. भाचा शेजारी बसून बघत होता, त्याने विचारलं, "मामा, तुला कसं समजलं तो येऊन राहिला म्हणून?" पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. म्हटलं, ऐक की! भीती दाखवायला ठेवलेलं संगीत मला पहारेकऱ्याचं काम करत होतं.

'डेड स्पेस' (२००८) या दुसऱ्या भीतीच्या गेमचंही हेच. संगीतकार जेसन ग्रेव्ह्जने ऑर्केस्ट्रा तीव्रतेच्या वेगवेगळ्या थरांत रेकॉर्ड केला, आणि प्रसंगाप्रमाणे गेम ते थर मिसळतो. कलाकुसर अव्वल, पण दुसऱ्या खेळीत वाद्यं गप्प झाली की मी बिनधास्त चालायला लागतो.

म्हणून 'आयसोलेशन'मध्ये सेटिंगमधून संगीत बंद करून पाहिलं. स्थानकावरच्या सॅन क्रिस्टोबल हॉस्पिटलचा भाग, जो आता सवयीचा झाला होता, तिथे पुन्हा घाम फुटला. याचं कारण असं, की प्राण्याला चालवायला पडद्यामागे गेमचे दोन मेंदू (प्रोग्राम) काम करतात. एकाला तुमची जागा कायम ठाऊक असते, तो प्राण्याला अंदाजे दिशा दाखवतो. प्राण्याच्या स्वतःच्या मेंदूला मात्र डोळ्याकानांवरच शोधावं लागतं. ताण फार वेळ टिकला की पहिला मेंदू प्राण्याला व्हेंटमध्ये माघारी पाठवतो. म्हणजे सुटकेचा श्वाससुद्धा आखलेला! संगीत असलं की ही भरती-ओहोटी कानाला कळते, नसलं की अंदाजच येत नाही. तोटाही आहे. स्थानक पहिल्यांदा समोर येतं तो प्रसंग संगीताशिवाय अगदीच कोरडा जातो.

याच्या उलट टोकाला 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हा गेम. तिथे २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शेवटच्या मिनिटांत, तुम्ही कुठेही असा, संगीतकार अँड्र्यू प्राह्लोची एक हळुवार धून सुरू होते. इथेही संगीत आधीच सांगून टाकतं, पण कळून उपयोग काय? करता काहीच येत नाही. ती धून आजही पोटात खड्डा पाडते. आणि दुर्बिणीसारख्या यंत्रावर ऐकू येणाऱ्या गोड हार्मोनिकाचा माग काढत गेलं तर डार्क ब्रॅम्बल नावाच्या जागेच्या धुक्यात शिरावं लागतं, जिथले अजस्र आंधळे मासे आवाजावर शिकार करतात. सूर आमिष म्हणून वापरण्याची ही युक्ती मला 'आयसोलेशन'मध्ये कुठेच दिसली नाही.

गोष्ट सांगण्यात मात्र 'आयसोलेशन'ची एक चाल बिनतोड आहे. टर्मिनलवरचे मेसेज वाचताना गेम थांबत नाही. तुम्ही वाचत असता आणि मागून शेपूट आरपार जाते. तरी वाचावंसं वाटतं, कारण मजकूर राक्षसाचा नाहीच. सीगसन ही डबघाईला आलेली कंपनी, स्थानक गुंडाळायला काढलेलं, कामगारांची कुरकुर. नागपूरची एम्प्रेस ही कापडगिरणी बंद पडल्याच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तक्रारी दोन. गेम लांबलाय. मध्ये बराच वेळ प्राणी गायब होतो आणि स्थानकावरच्या थंड आवाजाच्या यंत्रमानवांशीच गाठ पडते, तिथे ताण पातळ होतो. दुसरी तक्रार सेव्हची, म्हणजे खेळ जतन करण्याची, पण ती अर्धी कौतुकच आहे. भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून तीन दिवे एकेक करून लागेपर्यंत उभं राहायचं, आणि तेवढ्यातही तो मारू शकतो. आमच्याकडे तिसरा दिवा लागायच्या आत घरातलीच लाइट गेलीय. इन्व्हर्टरवर पीसी नसेल तर आधी ती सोय करा.

पहिली खेळी संगीतासकट खेळा. दुसऱ्या खेळीला संगीत बंद, बाकी आवाज पूर्ण. 'आयसोलेशन' आणि 'आउटर वाइल्ड्स' यांपैकी एकच गेम घ्यायचा असेल तर आधी 'आउटर वाइल्ड्स' घ्या. 'आयसोलेशन' सेलमध्ये अधूनमधून स्वस्त होतो, तो तेव्हा उचला, आणि जमलं तर कूलर काढून ठेवल्यावरच सुरू करा.