डिजिटल थर्मोस्टॅटचा ओटीजी: गोव्याच्या स्वयंपाकघरातून एक परीक्षण

फोंड्याच्या बाजारात ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेली विजेची भट्टी, घ्यायला गेले, की हल्ली दोन प्रकार समोर ठेवले जातात. एकात गोल बटण फिरवून खुणेवर तापमान लावायचे असते. दुसऱ्यात तापमान आकड्यांत दिसते आणि पाच-पाच अंशांनी कमी-जास्त करता येते. दुसरा साधारण दीडपट महाग पडतो. हे परीक्षण या दुसऱ्या प्रकारातल्या, 30 लिटरच्या आणि 1500 वॉटच्या ओटीजीचे आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण जवळपास याच घडणीची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि मला जे सांगायचे आहे ते घडणीबद्दलच आहे. त्यातले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण खरोखरच चांगले काम करते. मात्र ते तापमान सांभाळते ते सेन्सर जिथे बसवला आहे तिथले, ट्रेवरचे नव्हे. हे ध्यानात घेऊन जो यंत्र वापरेल, त्याचेच जास्तीचे पैसे वसूल होतील.

जुन्या बटणाच्या ओटीजीत बायमेटल पट्टी असते. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना जोडलेले असल्यामुळे उष्णतेने ती पट्टी वाकते, संपर्क तुटतो आणि कॉइल, म्हणजे भट्टी तापवणारी तार, बंद होते. थंड झाली की ती सरळ होते आणि कॉइल पुन्हा लागते. रचना साधी आणि टिकाऊ आहे, पण पट्टी तापायला वेळ लागतो, निवायलाही वेळ लागतो, आणि बऱ्याच स्वस्त यंत्रांत ती भट्टीच्या आत नसून बटणांच्या कप्प्यात असते. माझ्या आधीच्या ओटीजीत 180 अंशांवर बटण लावले, की आत ठेवलेला तापमापक 160 आणि 205 यांच्या दरम्यान झोके घेत असे. नव्या यंत्रात मागच्या भिंतीतून, उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला, करंगळीपेक्षा बारीक अशी स्टीलची नळी आत आलेली दिसते. तिच्यात थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नियंत्रण करणारी छोटी चिप, तो सतत मोजत राहतो आणि रिले या विजेने चालणाऱ्या स्विचमार्फत कॉइल चालू-बंद करतो. मधूनमधून ऐकू येणारा 'टक्' आवाज त्या रिलेचा. रिलेचे संपर्क वारंवार उघडझाप केल्याने झिजतात, म्हणून बनवणारे काही अंशांची सूट ठेवतातच. तीच 180 अंशांची खूण इथे लावली असता मधल्या जाळीवरचा तापमापक 174 ते 187 या हद्दीत राहिला. घरगुती यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि गरजही नाही.

आपल्याकडे या नियंत्रणाचा आणखी एक फायदा होतो, तो म्हणजे संध्याकाळी वीजदाब उतरतो तेव्हाचा. कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टला 1500 वॉट देणारी कॉइल 195 व्होल्टला जेमतेम 1080 वॉट देते. अशा वेळी नुसत्या घड्याळावर विसंबून भाजणाऱ्याचा पदार्थ कच्चा राहतो. तापमानावर चालणारे यंत्र मात्र कॉइल अधिक वेळ चालू ठेवून ती तूट भरून काढते. फक्त सुरुवातीचे तापणे लांबते, तेवढी सवड धरावी. त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची आवश्यकता मला वाटली नाही. प्लग मात्र 16 अँपिअरचाच हवा, कारण हे यंत्र साडेसहा अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते आणि स्वयंपाकघरातला नेहमीचा लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो.

आता सेन्सरच्या जागेविषयी. यंत्र तापले की बीप वाजतो आणि डिस्प्लेवर 180 दिसते, परंतु त्या क्षणी मधल्या जाळीवर 155 अंशच असतात. गरम हवा वर चढते, सेन्सर वरच आहे, आणि भिंती, जाळी, काच यांनी अजून उष्णता धरलेली नसते. बीपनंतर आणखी दहा-बारा मिनिटे थांबल्यावरच आकडा आणि ट्रे यांचा मेळ बसतो. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख नाही आणि तो असायला हवा होता, कारण नवखा माणूस बीप ऐकताच मिश्रण आत सरकवतो. घरी तापमापक नसेल तर साखरेने पडताळता येते. साखर सुमारे 186 अंशांना वितळते. चमचाभर साखर वाटीत घालून पूर्ण तापलेल्या यंत्रात 175 वर पाव तास ठेवली तर दाणे सुटे राहायला हवेत आणि 190 वर तेवढ्याच वेळात ती वितळायला हवी. 175 वरच वितळली, तर आकड्यापेक्षा आत जास्त ताप आहे असे समजावे. काही यंत्रांत हा फरक सेटिंगमध्ये भरून कायमचा दुरुस्त करता येतो. या यंत्रात ती सोय नाही, हे मला न पटणारे आहे. ज्या यंत्रात मायक्रोकंट्रोलर आहे, त्यात ही सोय देणे फारसे अवघड नसावे.

परीक्षेला मी आपलेच पदार्थ लावले. बाथ, म्हणजे आपला रवा-नारळाचा केक, हा त्यांतला सर्वात सोयीचा निघाला. रवा, नारळ, अंडी, साखर, लोणी यांचे मिश्रण रात्रभर मुरवल्यामुळे ते जड असते आणि त्याला मंद, एकसारखी आच लागते. पूर्वी खाली-वर निखारे ठेवून हीच आच साधत असत. 170 अंशांवर, खालून चौथ्याऐवजी दुसऱ्या खाचेत, वर-खाली दोन्ही कॉइल लावून भाजलेला बाथ कडेपासून मध्यापर्यंत एकाच रंगाचा आला. कापल्यावर तळाशी ओलसर पट्टा नव्हता, आणि वरची आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी करपली नव्हती. जुन्या यंत्रात या जाळीवर अर्ध्या वेळाने ॲल्युमिनियमची फॉइल झाकावी लागत असे. भाजताना दार उघडू नये, एवढेच पथ्य आहे. दार उघडले की सेन्सरभोवतीची हवा झटकन निवते, आकडा चाळीस अंशांनी घसरतो आणि कॉइल पूर्ण जोराने लागतात. प्रत्यक्षात साचा तेवढा निवलेला नसतो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग विनाकारण भाजला जातो.

बेबिंकेने मात्र या यंत्राची मर्यादा स्पष्ट दाखवली. बेबिंका थरावर थर देत करायची असते: नारळाचे दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर, मैदा आणि जायफळ यांच्या पातळ मिश्रणाचा एक थर ओतायचा, तो वरच्या आचेवर चांगला तपकिरी होईपर्यंत भाजायचा, त्यावर चमचाभर तूप सोडायचे आणि मग पुढचा थर. अशा कमीत कमी सात थरांची रीत आहे. परंपरेने ही आच वरून, झाकणावरच्या निखाऱ्यांची. यंत्रात म्हणून फक्त वरची कॉइल लावायची. आणि इथेच घोटाळा होतो, कारण सेन्सर त्या कॉइलच्या जवळ आहे. 200 वर लावले तर वरची हवा चटकन 200 ला पोहोचते, रिले कॉइल बंद करतो, आणि थर शिजतो, सुकतो, पण रंग धरत नाही. पदार्थाचा रंग कॉइलच्या लालभडक किरणांनी येतो, आणि ती कॉइल निम्मा वेळ काळी असते. यावर उपाय असा, की आकडा सर्वात वरच्या टोकाला, म्हणजे 230 वर न्यावा, साचा वरच्या खाचेत ठेवावा आणि तापमानाकडे न बघता काचेतून रंग बघावा. म्हणजे ज्या पदार्थाला आपल्याकडे सर्वाधिक जिव्हाळ्याने भाजले जाते, त्याच्यासाठी महागडे नियंत्रण बाजूला ठेवावे लागते. बेबिंकेसाठीच कोणी हे यंत्र घेणार असेल, तर बटणाचे घ्यावे असे मी निःसंकोच सांगेन.

पाव, पोई आणि उंडे या गोव्याच्या पावांच्या प्रकारांबाबत निकाल जवळपास तोच आहे, पण कारण वेगळे. पाव भाजताना त्याच्या पृष्ठभागात पाणी असेपर्यंत तिथले तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. पाणी उडाले की ते वर चढते आणि 140 ओलांडल्यावर तो खमंग वास आणि सोनेरी रंग येऊ लागतो. तिथून करपण्यापर्यंत फार थोडा अवधी असतो. थंड यंत्रात पोई ठेवून सुरुवात केली, तर नियंत्रण कॉइल बंद करण्याच्या आतच ती भाजून होते, म्हणजे थर्मोस्टॅटचा उपयोगच झाला नाही. आधी तापवून ठेवले, तर कॉइल बहुधा बंद अवस्थेत असते आणि पोई भाजण्याऐवजी वाळते. पोईचा पापुद्रा पातळ, आत हवा आणि वर भुसा; तो भुसा सगळ्यात आधी करपतो. तेव्हा ग्रिलवर लावून समोर उभे राहणे हाच मार्ग. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आलेली पोई ताजी असताना तिला यंत्राची गरजच नसते. प्रश्न येतो तो दुपारनंतरच्या चिवट पोईचा.

यावर पॉप-अप टोस्टर घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. त्यावरचे 1 ते 6 हे आकडे तापमानाचे नसतात, ते वेळेचे असतात, आणि 'इलेक्ट्रॉनिक' असे लिहिलेल्या बहुतेक टोस्टरमध्येही इलेक्ट्रॉनिक असतो तो टायमर. त्यामुळे दुसऱ्या खेपेचे स्लाइस पहिल्यापेक्षा काळे होतात, कारण टोस्टर तोवर तापलेला असतो. ज्यांत तापमानानुसार वेळ आपोआप कमी होतो, असे थोडे मॉडेल मिळतात आणि ते चांगले असतात. पण त्या अरुंद खाचांत ना पोई जात ना उंडो.

हे यंत्र जिथे मनापासून आवडले, ती कामे मंद आचेची आहेत. सोललेले काजूगर 150 अंशांवर एका थरात पसरून भाजले, तर ते आतपर्यंत कुरकुरीत होतात आणि कडा काळ्या पडत नाहीत. काजूत तेल भरपूर असल्याने वीस अंशांच्या झोक्यात तो चटकन बिघडतो, आणि बाहेर काढल्यावरही थोडा वेळ भाजत राहतो, म्हणून हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच काढावा. इथे एक गंभीर सूचना द्यावीशी वाटते. टरफलासकटच्या काजूबिया घरच्या ओटीजीत कधीही भाजू नयेत. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. टरफलातले तेल कातडी भाजून काढते आणि त्याचा धूर डोळ्यांना व श्वासाला घातक असतो.

बटणाचे यंत्र साधारण शंभर अंशांपासून सुरू होते. हे 40 पासून लावता येते. डिसेंबर-जानेवारीतल्या गार सकाळी पिठाला फुगवण्यासाठी ते उपयोगी पडले. त्याहून मोलाचे म्हणजे मेअखेरीस आभाळ भरून आले आणि आमसुले अर्धवट वाळलेली असली, की 60 अंशांवर, दार बोटभर उघडे ठेवून, ती उरलेली सुकवता येतात. दार उघडे असल्याने डिस्प्लेवरचा आकडा स्थिर राहत नाही, त्याची काळजी करू नये. आमसुले आंबट आणि खारट असल्याने यंत्रासोबत आलेला ॲल्युमिनियमचा ट्रे वापरू नये. स्टीलचे ताट घ्यावे.

पावसाळ्यात एक उणीव फार जाणवते. वीज गेली आणि दोन मिनिटांत परत आली, तरी हे यंत्र सगळे विसरते. तापमान, वेळ, कोणती कॉइल, सारे पुन्हा लावावे लागते, आणि आपण दुसऱ्या खोलीत असलो तर बाथ अर्धवट निवत बसतो. बटणाचे यंत्र वीज येताच जिथे होते तिथून पुढे चालू लागते. सुरक्षेच्या दृष्टीने आपोआप सुरू न होणे समजण्यासारखे आहे, पण निदान आधीचे आकडे लक्षात ठेवून एका बटणावर पुढे जाण्याची सोय हवी होती.

दुरुस्तीचा मुद्दा दुकानदाराने विकतानाच काढला, याबद्दल त्यांचे कौतुक वाटते. "ताई, बटणाचा थर्मोस्टॅट गेला तर मी इथेच बदलून देतो," ते म्हणाले, "ह्याचा बोर्ड गेला तर कंपनीकडून येईपर्यंत थांबावे लागेल." बोर्ड भट्टीच्या शेजारच्याच कप्प्यात असतो, आणि किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत त्याला धोका अधिक. म्हणून यंत्राच्या बाजूच्या झडपा भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात, वर कापड झाकून ठेवू नये, आणि पावसाळ्यात बरेच दिवस वापर नसेल तर मधूनच शंभर अंशांवर थोडा वेळ चालवून आतला ओलावा घालवावा. विकत घेण्यापूर्वी दार उघडून सेन्सरची नळी कुठे आहे ते पाहावे. ती मधल्या उंचीवर असेल तर ते यंत्र निवडावे, आणि बोर्डावर वॉरंटी किती वर्षांची आहे, तो सुटा मिळतो का, हे बिलावर लिहून घ्यावे.