ट्युबाच्या स्टँडपायी १०,४४९ रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

आकडा आधीच लिहून टाकतो. १,००० अधिक ५,८०० अधिक २,१५० अधिक १,४९९. चार वेळा पैसे पाठवले, चारही वेळा पिन माझ्याच बोटाने दाबला. म्हणजे कोणी माझा फोन हॅक केला, ओटीपी चोरला असं काही सांगून मला सुटता येत नाही.

विजयदुर्ग खाडीच्या काठावर आमचं गाव. कुठल्या काठावर ते सांगत नाही, दोन्हीकडे सोयरे आहेत आणि दोन्हीकडे हसायला लोक आहेत. बँडमध्ये मी २६ वर्षं ट्युबा, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळेचं मोठं वाद्य, वाजवतोय. मिरवणुकीत अंगाभोवती गुंडाळलेला दिसतो तो सुसाफोन, तो वेगळा. ट्युबा मांडीवर घेऊन बसून वाजवायचा. आमचा जुना आहे, मासळीच्या काट्यावर ११ किलो ४०० ग्रॅम भरला. दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेतला मणका सरकला, डॉक्टरांनी मांडीवर वजन घ्यायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून खुर्चीपुढे पाट, पाटावर उशी आणि उशीवर ट्युबा असा कारभार चालला होता. उशी दबली की माउथपीस खाली जातो, मान वाकते, मान वाकली की श्वास कोंडतो. गणपती २७ ऑगस्टला होते, त्याआधी धड स्टँड हवा होता. यात माझं काय चुकलं?

स्टँड कसा हवा तेही मला नीट माहीत होतं, म्हणून तर जास्त झोंबतं. वाजवायचा स्टँड म्हणजे तीन पाय, फाकवले की रुंद बसणारे. मधे वर-खाली होणारा दांडा, त्यावर ट्युबाचा खालचा बाक बसेल अशी रबर लावलेली खोबण. सगळं वजन जमिनीवर जातं आणि माउथपीस आपोआप ओठांशी येतो. ओठ माउथपीसकडे न्यावे लागले तर तो स्टँड कुचकामी. दुसरा प्रकार नुसता ठेवायचा. त्यावर ट्युबा उलटा, भोंग्याचं तोंड खाली करून उभा करतात. त्याच्यावर वाजवता येत नाही. हे आमच्या बँडमधलं नवं पोरगंही सांगेल.

मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. एक माणूस आरामात बसून वाजवतोय, ट्युबा स्टँडवर, दोन्ही मांड्या मोकळ्या. खाली लिहिलेलं: मेरठ, जाली कोठी, थेट कारखान्यातून, ३०४ स्टेनलेस स्टील, ६,८०० रुपये. बँडची वाद्यं मेरठच्या जाली कोठीत बनतात हे कुठल्याही बँडवाल्याला माहीत असतं, त्यामुळे नाव वाचूनच निम्मा विश्वास बसला. तिथल्या खऱ्या कारागिरांचा यात काही दोष नाही, त्यांचं नाव फुकट वापरलं गेलं. शिवाय आमच्या खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं, म्हणून स्टेनलेस म्हटल्यावर मी पाघळलोच.

२१ जुलैला फोन केला. माणूस गोड बोलला. त्याने मला एकच प्रश्न विचारला: "सर जी, कलर कौनसा? गोल्डन या सिल्वर?"

इथेच. इथेच मी फोन ठेवायला हवा होता. स्टँड बनवणारा माणूस विचारेल, पिस्टन तीन की चार, चाव्या वरून की समोरून, खालच्या बाकाचा घेर किती, खुर्ची किती उंच, माउथपीस जमिनीपासून किती इंचावर येतो. याने रंग विचारला. आणि मी, २६ वर्षांचा वादक, विचारात पडलो आणि म्हणालो, "सिल्वर."

टोकन १,००० पाठवले. तिसऱ्या दिवशी "आपका पीस रेडी" म्हणून फोटो आला. फोटोत भोंग्याचं तोंड खाली होतं. मी तो फोटो बघितला, बायकोला दाखवला, बँडच्या मास्तरांना पाठवला. मास्तरांनी अंगठा दिला. एवढ्या डोळ्यांखालून गेला आणि एकालाही दिसलं नाही की हा ठेवायचा स्टँड आहे. त्याच रात्री उरलेले ५,८०० पाठवले. आता तो फोटो रोज दिसतो, डोळे मिटले तरी.

मग "ट्रान्सपोर्ट इन्शुरन्स, रिफंडेबल" म्हणून २,१५० गेले. २ ऑगस्टला "ई-वे बिल के लिए", म्हणजे मालवाहतुकीच्या सरकारी कागदासाठी, १,४९९. ई-वे बिल साधारणपणे ५०,००० रुपयांवरच्या मालाला लागतं आणि ते काढायला सरकार पैसे घेत नाही, हे मला नंतर भाच्याने सांगितलं. पुढे रिफंड देतो म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला, तो मात्र मी स्कॅन केला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढं मला कळतं. त्या रात्री मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

नारळी पौर्णिमेच्या आसपास पार्सल आलं. आत फोटो काढायचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, प्लास्टिकच्या गुंड्या. रंग सिल्वर, ते खरं. त्यावर ट्युबा ठेवायची हिंमत झाली नाही. पिशवीत दोन असोले नारळ घालून टांगले, तर एक पाय आत गेला आणि नारळ बायकोच्या पायाशी. ती एवढंच म्हणाली, "माका एकदा विचारूचा तरी होता."

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला आणि ऐकवलं की पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर खात्यातले पैसे गोठवता आले असते. अहो, पार्सल यायच्या आधी मला कसं कळणार की फसलोय? बँकेत गेलो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, पिन कोणी टाकला? मी म्हटलं, मी. मग आम्ही काय करणार? एवढ्यासाठी दीड तास रांग.

पोलीस ठाण्यातलं तर विचारू नका. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ज्यांनी लिहून घेतलं त्यांनी ट्युबा म्हणजे काय विचारलं. तोंडाने फुंकून दाखवायचंच बाकी ठेवलं होतं, तरी अर्जात "ट्यूब ठेवण्याचा स्टँड" असंच लिहिलं. आज कोणी वाचलं तर वाटेल मी ट्यूबलाइटसाठी १०,४४९ रुपये मोजले. मग म्हणाले, पार्सल तर पोचलंय ना, मग ही फसवणूक कशी, हा दिवाणी मामला. (म्हणूनच हे लोक रिकामं न ठेवता काहीतरी पाठवतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं.) मग म्हणाले, खातं परराज्यातलं, तिकडे तक्रार करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते. हे घरी आल्यावर कळलं. पुन्हा गेलो तर म्हणे जिल्ह्याच्या ठिकाणी सायबरवाल्यांकडे जा. एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस, वर पाऊस. तिथे म्हणाले, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण अर्जात समोरच्याचा पत्ता लिहावा लागतो. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का त्याच्या दारात?

पैसे पाठवताना स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं, ते वाचा. माझ्या चार वेळांत तीन वेगळी नावं होती आणि एकही दुकानाचं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर स्टँड उघडून-मिटून दाखव म्हणा, टाळाटाळ केली तर विषय संपला. समोर बघून घेत असाल तर खिशात लोहचुंबक ठेवा, कडकडून चिकटला तर ते ३०४ स्टेनलेस नव्हे.

शेवटी गणपतीच्या आधी चार दिवस आमच्या नाक्यावरच्या वेल्डरकडे ट्युबा घेऊनच गेलो. स्टूल पुढे सरकवून त्याने आधी मला बसवलं. "काका, तोंड खंय येता ता आधी दाखवा," म्हणाला आणि टेप लावली. १,८५० रुपये घेतले. लोखंडीच आहे, दर वर्षी रंग मारावा लागेल. आरतीनंतर पाऊण तास वाजवलं, कंबर बोलली नाही.

परवा भाच्याने मोबाईलवर दुसऱ्याच नावाचं एक दुकान दाखवलं. फोटो तोच, भोंग्याचं तोंड खालीच. भाव आता ७,२०० आहे.