६२ वरचा काउंटर शून्यावर: अकरा महिन्यांच्या टॉपअपचा हिशोब

सेकंड शिफ्ट संपवून बेळगावच्या उद्यमबागेतून घरी आलो, जेवायच्या आधी फोनवरचा खेळ उघडला, तर सरदारासाठी मारलेल्या स्पिन (सोडतीसारखे डाव) मोजणारा काउंटर शून्यावर. आदल्या रात्री तो ६२ होता. ८० झाला की लेजंडरी सरदार नक्की मिळतो, म्हणजे अठरा स्पिन राहिल्या होत्या. त्या ६२ पैकी ३४ स्पिन माझ्या खिशातल्या: ४४९ चे चार पॅक, १,७९६ रुपये. उरलेल्या २८ मंथली कार्डातून, रोजचे वीस-वीस डायमंड (खेळातलं चलन) जमवून. त्यासाठी ८४ दिवस एकही लॉगिन चुकवलं नव्हतं. मेव्हण्याच्या लग्नात खानापूरला रेंज येत नव्हती, तेव्हा रात्री स्टँडपर्यंत चालत गेलो होतो.

खेळाचं नाव लिहीत नाही. गढी बांधा, सरदार गोळा करा, या जातीचा आहे, खेळणाऱ्यांना तेवढं पुरे.

फेब्रुवारीत याच खेळाला मी पाच स्टार दिले होते आणि ते मनापासून दिले होते. नऊ हजारांच्या फोनवर तो अडकत नाही, मध्येच जाहिरात येत नाही, आणि ८९ रुपयांच्या कार्डात महिन्याला ६०० डायमंड, म्हणजे दहा स्पिन मिळतात. एक स्पिन नऊ रुपयांच्या आत. पहिल्या इव्हेंटला तीन पॅक घेतले, कार्डातल्या पाच स्पिन जोडल्या, आणि ३१ व्या स्पिनला सरदार आला. चहाच्या गाड्यावर होतो, हातातला कप तसाच राहिला. कार्डाबद्दलचं मत आजही तेच आहे. बाकीचं बदललं.

आता पॅकबद्दल. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण काउंटर जायच्या आधीपासून हीच गोष्ट मला टोचत होती. एक स्पिन ६० डायमंडची. पॅक मिळतात ८०, ५२० (माझा ४४९ रुपयांवाला हाच) आणि १,०६० चे. ८० मधून एक स्पिन होते, २० उरतात. ५२० मधून आठ होतात, ४० उरतात. १,०६० मधून सतरा होतात, परत ४० उरतात. साठाने पूर्ण भाग जाईल असा एकही पॅक दुकानात नाही. मी इन्स्पेक्शन रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने मांडून बघितलं: कुठलाही पॅक घ्या, त्याचे तीन नग घेतल्याशिवाय बाकी शून्य येत नाही. ५२० चे तीन म्हणजे १,५६० डायमंड, बरोबर २६ स्पिन, १,३४७ रुपये. तिन्ही पॅकांना तोच तीनचा आकडा लागू पडतो. हे योगायोगाने जमत नाही. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर जॉब परत येतो. ज्याने हे आकडे ठरवले त्याने ते मोजूनमापून ठरवले आहेत.

४० उरले की माणूस काय करतो? कार्ड चालू असेल तर उद्याच्या २० ची वाट बघतो, साठ होतात, एक स्पिन मारतो. कार्ड संपलं असेल तर पुन्हा ८९ भरतो. ते ४० म्हणजे उद्या यायचं बोलावणं आहे. माझी आई रविवार पेठेत किराणा घ्यायला जायची तेव्हा दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट पुढे करायचा. आई ते परत त्याच्या गल्ल्यावर ठेवायची आणि म्हणायची, "चाकलेट नको बा, रुपाया दे." मागे रांग लागली तरी हलायची नाही. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, तिचं बरोबर होतं. रुपया कुठल्याही दुकानात चालतो, चॉकलेट फक्त तोंडात जातं. डायमंड तर तोंडातही जात नाहीत.

शिवाय डायमंड मध्ये आले की स्पिनचा भाव दिसेनासा होतो. सगळ्यात स्वच्छ हिशोब धरला तरी विकतची एक स्पिन ५१ रुपये ८१ पैशांना पडते आणि गॅरंटीपर्यंतच्या ८० स्पिन सुमारे ४,१४५ रुपयांना. ४,१४५ हा आकडा खेळात कुठे लिहिलेला नाही. लिहिला असता तर मी तो बघून फोन खिशात ठेवला असता.

शक्यता मात्र लिहिलेली आहे, बारीक "आय"च्या बटणामागे: एक टक्का. चीनने ती छापायची सक्ती मे २०१७ पासून केली, त्याच डिसेंबरात अॅपलने आपल्या स्टोअरसाठी नियम केला, दक्षिण कोरियात मार्च २०२४ पासून कायदाच आहे. चांगलं झालं. पण एक टक्का म्हणजे शंभर स्पिनमध्ये एक नक्की, असं आमच्या शॉपमध्ये निम्म्या पोरांना वाटतं. तसं होत नाही. गॅरंटी नसेल तर शंभर-शंभर स्पिन मारणाऱ्या शंभर जणांतले ३६-३७ जण रिकाम्या हाताने उठतात. ७९ स्पिनपर्यंत ४५ जण कोरडे राहतात. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक गॅरंटीपर्यंत जाऊनच सरदार घेतात. मटकेवाल्याचा भाव तरी उघड असायचा, एकाला नऊ. वाईट धंदा, पण भाव शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हणून काउंटर महत्त्वाचा. मी त्याला भिशी समजत होतो. आमच्या शॉपमध्ये वीस जणांची भिशी आहे, महिन्याला हजार. नंबर लवकर लागला तर लागला, नाहीतर विसाव्या महिन्याला तुझे पैसे तुझ्या हातात. पंधराव्या महिन्यात भिशी चालवणारा म्हणाला की वर्ष बदललं, सगळ्यांचे हप्ते परत पहिल्यापासून, तर त्याला अनगोळच्या वेशीबाहेर राहावं लागेल.

सपोर्टला लिहिलं. पहिले तीन दिवस मशीन उत्तर देत होती: "तुमची अडचण समजली." समजली नव्हती. जीपीएने सुरू होणारे चारही ऑर्डर नंबर पाठवले, ६२ चा स्क्रीनशॉट पाठवला. प्ले स्टोअरकडे परतावा मागायची मुदत ४८ तासांची. माझी खरेदी जुनी, त्यामुळे तो रस्ता बंद. मग ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. तिकडे मराठीत बोलायला मिळालं, याचं आमच्या भागातल्या माणसाला काय वाटतं ते आमच्याच भागातला माणूस जाणे. तक्रार नोंदवली, नंबर आला.

हे इथपर्यंत लिहून दोन दिवस ठेवलं होतं. मध्ये दोन गोष्टी झाल्या, त्यामुळे वरचं थोडं दुरुस्त करतो.

पहिली: सपोर्टमधून माणसाचं उत्तर आलं आणि त्यात एक लिंक होती. काउंटर पुढच्या इव्हेंटला जाणार नाही, ही सूचना त्यांनी अपडेटच्या नोंदीत बारा दिवस आधी दिली होती. नवव्या ओळीत, इंग्रजीत. मी ती वाचलेली नव्हती. म्हणून मित्रांना मेसेज करताना वापरलेला "फसवलं" हा शब्द मागे घेतो. पण नवीन सरदार आला तेव्हा पूर्ण स्क्रीनभर चित्र आलं होतं, आवाजासकट. ज्या नियमाने माझे १,७९६ रुपये पाण्यात जाणार होते, त्याला स्क्रीनवर एक ओळ मिळाली नाही. आणि नियम बदलायचाच होता तर ज्यांचा काउंटर आधीच भरत आला होता, त्यांचा तरी पूर्ण होऊ द्यायचा.

दुसरी: त्यांनी "सदिच्छा म्हणून" ६०० डायमंड दिले. मी मागितला होता काउंटर.

शॉपमधला एक मित्र रमीत बरंच हरलेला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्याचं अॅप बंद पडलं, आणि त्याच गणपतीत त्यानेच मला हा खेळ दाखवला. परवा म्हणाला, "काय गा, माझं बंद केलं सरकारनं, तुझं कसं चालू?" मी रागावलो, पण प्रश्न खरा आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केला होता, तो हायकोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला. आताचा केंद्राचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. माझ्या खेळातून रुपया परत निघत नाही, म्हणून तो जुगारात धरत नाहीत. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. जपानने २०१२ मध्ये पूर्ण संच गोळा करायला लावणारा प्रकार बंद केला. आपल्याकडे बंदी हवी असं मी म्हणत नाही. मला रुपयांत भाव हवा, साठाचा पॅक हवा, आणि पैसे घेऊन भरलेला काउंटर पुसायला मनाई हवी.

पैसे न भरता खेळता येतं का, असं विचारतील त्यांना: येतं. माझा भाचा खानापुरात एक रुपया न घालता माझ्यापेक्षा वरच्या लीगमध्ये आहे. त्याला वेळ आहे, आणि डोकंही माझ्यापेक्षा बरं आहे. मात्र आमच्या गल्लीतल्या रिचार्जच्या दुकानात आठवी-नववीची पोरं शंभराची नोट देऊन "टॉपअप मार" म्हणतात, तेव्हा त्यांना छोट्या पॅकवरचा ४९ हा आकडा दिसतो की ४,१४५, याची मला काळजी वाटते. भाच्याला मी तो इन्स्पेक्शन रिपोर्टचा कागद दाखवला. त्याने एकदा वाचला, मग पेन घेऊन ८० च्या पॅकचा हिशोब स्वतः करून बघितला.

अकरा महिन्यांत एकूण गेले ४,१२२ रुपये: अकरा कार्डांचे ९७९, सात पॅकांचे ३,१४३. पॅक आता घेणार नाही. कार्डाचं ठरलेलं नाही. पुढच्या इव्हेंटचे नियम आले की ते सगळे वाचेन, नववी ओळ पहिल्यांदा.

स्टार दोन. सदिच्छेच्या ६०० मधून दहा स्पिन मारल्या, काही आलं नाही. कार्ड संपलं आहे. वर उजव्या कोपऱ्यात परत ४० उरलेत.